दाब… धर… सोड

त्या सोमवारी मी घरून निघाले ती महादेवाला बेल वाहायला. हातात पाण्याचा गडू, ताटलीत एकशे आठ पानं, आणि तोंड बंद. माझे सोळा सोमवार चालू होते आणि त्यात मी आपल्या मनानं मौनाची भर घातली होती. सकाळच्या आंघोळीपासून संध्याकाळी देवापुढे दिवा लागेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. पोथीत तसं काही सांगितलेलं नाही. पण मागणं मोठं होतं, तेव्हा आपल्याकडूनही थोडं जास्त जावं, असं मला वाटलं.

मागणं होतं आमच्या ह्यांच्या उजव्या अंगाचं.

आम्ही मोहाडीचे. घरात तीन पिढ्यांचा हातमाग. हे जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले, की दोन्ही पाय पायाखालच्या पावड्यांवर चालायचे, एक खाली, एक वर. उजव्या हाताला आडवं सूत ओवणाऱ्या धोट्याची दोरी, डाव्या हाताला ते ठोकायची फणी. लग्न होऊन आले तेव्हापासून माझं घड्याळ म्हणजे तो खटखट आवाज. त्यांनी विणलेल्या टसराच्या साड्या भंडाऱ्याच्या आणि तुमसरच्या मोठमोठ्या घरांत आहेत. आदल्या उन्हाळ्यात त्यांना लकव्याचा झटका आला. जीव वाचला, त्याबद्दल मी देवाचे पाय अजून सोडलेले नाहीत. पण उजवा हात लुळा पडला. उजव्या पायानं चालता येऊ लागलं, तरी त्यात जाणीव नव्हती. चप्पल निसटून मागे राहिली तरी त्यांना कळत नसे. मागावर चादर टाकली. घड्याळ बंद पडलं. हे खाटेवर बसून दिवसभर त्या चादरीकडे पाहत. माझं मौन आठवड्यातून एक दिवस होतं, त्यांचं रोजचं झालं होतं.

आणि मग ती गाडी आली.

तुमसरचे कृष्णराव, राइस मिलवाले, ह्यांना भेटायला आले होते. त्यांच्या घरी आमच्या मागाच्या साड्या जायच्या, तेवढी ओळख. गोंदिया जिल्हा आपल्या भंडाऱ्यातून वेगळा निघाला, त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी मुंबईहून एक गाडी आणली होती. दोन माणसांची, बसकी, लाल. वरचा टप कापडाचा, मागे दुमडला की डोक्यावर उघडं आभाळ. त्या वेळी लोक खास ती पाहायला मिलवर जात. आता सोळा-सतरा वर्षं ती कोंड्याच्या शेडमध्ये पडून होती. शेड मोकळी करायची होती आणि भंगारवाल्याला द्यायला त्यांचं मन होत नव्हतं.

"इश्वर, तू अर्ध्या गावाच्या मोटारपंपाले हात लावला," ते म्हणाले. "घेऊन जा. जमलं तं चालव, नाही जमलं तं अंगणात राहू दे." मग उठताना, ह्यांच्याकडे न पाहता एवढंच बोलले, "पहिले ब्रेक पाह्य. बाकी सारं मागून."

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून गाडी आमच्या अंगणात आली. उतरवताना तिच्या पोटातून पायलीभर कोंडा गळला. आतून एक वास आला, उसन्या तांदळाच्या मिलमध्ये धान वाफवतात ना, तसा उबट, जरा आंबूस. मी म्हटलं, मिलमध्ये होती, वास यायचाच. शेजारच्या शकुनबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"टप सडलेला, मागं सीट नाही, डोक्यावर ऊन. बाप्पा, याच्याहून बैलबंडी बरी नाही का जी?"

"बंडीले ब्रेक नसते, शकुनबाई," हे म्हणाले.

तीन महिन्यांत त्यांनी स्वतःहून बोललेलं ते पहिलं वाक्य. मी आत जाऊन देवापुढे साखर ठेवली.

पुढचे महिने आमच्या अंगणाचं गॅरेज झालं. आमची लेक दामिनी नागपूरला नोकरीत. तिनं ह्यांना मोबाइलवर व्हिडिओ लावून दिले. त्यात एक पंजाबी मिस्त्री होता. त्याचं बोलणं ह्यांना अर्धंच कळे, पण पाना कुठल्या बाजूला फिरतो ते डोळ्यांनी कळे. उंदरांनी खाल्लेली वायर डाव्या हातानं आणि दातांनी सोलून त्यांनी नवी जोडली. पेट्रोलची टाकी उतरवून, आत खडे टाकून, हलवून हलवून गंज काढला. फायबरच्या अंगाला गेलेल्या भेगा जाळी आणि राळ लावून बुजवल्या. जुने पिवळे दिवे काढून पांढरे, लख्ख दिवे बसवले. टप मात्र माझ्याकडे आला. सडलेलं कापड उसवून त्यावरून मी माप घेतलं, जाड ताडपत्री शिलाई मशीनवर घातली. चार सुया मोडल्या. आतल्या बाजूला ह्यांनी विणलेला टसराचा एक तुकडा अस्तर म्हणून लावला. मागावरचं त्यांचं शेवटचं कापड होतं ते. "गाडीले रेशमी अस्तर," असं म्हणून हे हसले, आणि हसताना त्यांचा उजवा हात अस्तरावरून फिरला. बोटं जरा आकसली. मी पाहिलं. त्यांनीही पाहिलं. कोणी काही बोललो नाही; बोललं तर जाईल अशी भीती.

ब्रेक त्यांनी पहिले पाहिले होते, पण सामान यायला उशीर झाला म्हणून बसवले शेवटी. नवीन नळ्या, नवीन रबरं, नवीन तेल. पण नळ्यांत नवीन तेल घातलं की त्यात हवा राहते, आणि हवा राहिली की ब्रेक दाबला तरी गाडी थांबत नाही. ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पाय दाबायचा आणि दाबून धरायचा. दुसऱ्यानं चाकाशी झोपून तिथला लहानसा स्क्रू ढिला करायचा, बारीक नळीतून तेल आणि बुडबुडे बाटलीत पडतात, स्क्रू कसायचा, मग आतल्यानं पाय उचलायचा. असं एकेका चाकाला वीस-पंचवीस वेळा.

रविवारी मी बसले होते पायाशी. त्यांनी खालून म्हणायचं "दाब", मग "धर", मग "सोड". मला पायात गोळा आला आणि मी एकदा आधीच पाय उचलला. सगळी हवा परत आत. हे गाडीखालून जे ओरडले, ते शकुनबाईंनाही ऐकू गेलं असणार.

"मी सोड म्हनल्याबिगर पाय उचलायचा नाही, कुंता. घर पेटलं तरी नाही!"

हे मी ऐकलं. तिथं आणखी कोणी ऐकत असेल, हे तेव्हा कोणाच्या मनात यावं?

दुसऱ्या दिवशी बारावा सोमवार. जेवून हे झोपले होते तेव्हा मी बेल घेऊन निघाले. उठवून सांगायचं तर तोंड बंद. देवळात बायका बऱ्याच होत्या, रांग होती, कार्तिकातला दिवस लवकर उतरला. परत येताना शेतातल्या बांध्यांमधून कापलेल्या धानाचा वास येत होता. माझ्या मनात फक्त एवढंच होतं, की वेळेत दिवा लागला पाहिजे.

फाटक उघडलं आणि थबकले. तुळशीवर लाल उजेड होता.

गाडीचे मागचे दिवे लागलेले होते. ब्रेक दाबला की लागतात ते. नवा टप वर चढवलेला, दारं बंद. पुढच्या उजव्या चाकाशी ह्यांचे पाय दिसत होते, आणि खालून आवाज येत होता, शांत, समाधानी.

"दाब… धर…"

पाना करकरला. बाटलीत थेंब पडले.

मी दोन पावलं पुढे गेले. माझी पावलं त्यांना चाकाच्या मागून दिसली असावीत. पाना थांबला.

"कुंता…" ते म्हणाले. "तू बाहेर कायले उभी?"

मला बोलता येत नव्हतं. दिवा लागायचा होता. मी नुसता गडू खाली ठेवला; त्याचा दगडावर आवाज झाला.

"मंग आतमंदी… कोन हाय?"

मी दाराच्या काचेतून वाकून पाहिलं. सीटवर कोणी नव्हतं. खाली अंधार होता, पण लाल उजेडाची थोडी झाक आत येत होती आणि त्यात ब्रेकचा पायडल दिसला. तो खाली दबलेला होता. अगदी तळाला टेकलेला नाही, अधांतरी. आणि थरथरत होता. फार वेळ दाबून धरला की पाय थरथरतो ना, तसा. काचेच्या फटीतून तो उसन्या तांदळाचा वास येत होता, ताजा, गरम, जसं काही कोणी आत्ताच मिलमधून उठून आलंय.

मी धावत आत गेले. तीन काड्या विझल्या. दिवा लागला आणि त्या दिवसाचा माझा पहिला शब्द निघाला, "अजी, बाहेर या. बाहेर या पहिले."

ते सरपटत बाहेर आले. पुढचं झाकण उघडून त्यांनी बॅटरीची वायर ओढली. लाल उजेड गेला. त्या रात्री आम्ही अंगणाकडचं दार लावून घेतलं.

त्यांनी मला सांगितलं ते असं. दुपारी उठले, मी दिसले नाही, गाडीशी गेले. चाकाखाली झोपून त्यांनी सहज म्हटलं, "बसली का? दाब." पायडल दबला. बांगड्या वाजल्या. उत्तर आलं नाही, पण सोमवार होता. उत्तर येणारच नव्हतं. चार वाजल्यापासून चारही चाकं. प्रत्येक वेळी बरोबर, शब्द तोंडातून निघायच्या आत. ते मनात म्हणत होते, कालच्या बोलण्यानं कुंता शहाणी झाली.

सकाळी उजेडात दोघांनी मिळून पाहिलं. पायडल वर होता, जागेवर. त्यांनी हातानं दाबला. दगडासारखा टणक. चारही चाकांची हवा पूर्ण निघाली होती. एका माणसाकडून ते होत नाही.

"स्प्रिंग गंजली असन. अडकला असन," ते म्हणाले. दामिनीलाही फोनवर तेच सांगितलं. मी होकार भरला. दुपारी मी पानात भात वाढत होते, तेव्हा ते ताटाकडे पाहून हळू बोलले, "कुंता… मी शेवटी 'सोड' म्हनलोच नाही."

तेराव्या सोमवारी मी देवळातून लवकर आले. उंदरांच्या धाकानं बॅटरीची वायर काढूनच ठेवलेली होती. तरी सूर्य खाली गेला आणि तुळशीवर लाल उजेड पडला. मी दिवा लावला. मग तो लाल उजेड गेला.

मला भीती वाटली नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण एक गोष्ट मी पाहत होते. ह्यांचा उजवा हात आता पाना धरत होता. आधी फडकं, मग नट, मग पाना. देवानं कोणाच्या हातून काय पाठवलं, ते विचारणारी मी कोण?

त्याच गुरुवारी हे म्हणाले, तुमसरला जाऊ, कृष्णरावांना गाडी दाखवू. मी घाबरले, कारण उजव्या पायाचं काय? त्यांनी अंगणात चार वेळा पुढेमागे करून दाखवली. मी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, गावदेवी चौंडेश्वरीचा अंगारा लावला. टप मागे दुमडला. पदर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली बांधला. शकुनबाई फाटकात होत्या. "हिरोइन निघाली वं मायची," म्हणाल्या, आणि मला इतकं हसू आलं, की वर्षभरात तसं आलं नव्हतं. दोन्हीकडे बांध्यांत धानाचे भारे, वर धुवून ठेवल्यासारखं आभाळ, आणि माझ्या शेजारी माझा माणूस स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलेला. दोन्ही. मी डोळे मिटून हात जोडले.

तुमसरच्या अलीकडे एक नाला आहे. रस्ता तिथं उतारानं खाली जातो आणि वळून पुलावर चढतो. वळण घेतलं आणि समोर म्हशी. रस्ताभर, वीस-पंचवीस, आणि त्यांच्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी. गाडी वेगात होती. मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड पांढरं झालं होतं आणि ते खाली, आपल्या पायाकडे पाहत होते.

गाडी थांबली. करकचून, सरळ, एक वीत इकडेतिकडे न होता. म्हातारी हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर होती. तिनं आमच्याकडे बघून तोंड वेंगाडलं आणि म्हशी हाकत निघून गेली.

ह्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "खाली पाह्य."

त्यांच्या उजव्या पायाची चप्पल पेट्रोलच्या पायडलमागे अडकली होती. पाय अजून तिथंच होता. ब्रेकवर काहीच नव्हतं, आणि ब्रेक दबलेला होता.

"माझा पाय उठलाच नाही, कुंता."

ह्या वेळी ते शेवटचा शब्द विसरले नाहीत. पायडलकडे वाकून म्हणाले, "सोड." पायडल हळूच वर आला.

मिलच्या आवारात कृष्णराव गाडी पाहून जागचे उठले नाहीत. ह्यांनी सगळं सांगितलं, आधी नाल्याचं, मग सोमवारचं. ऐकताना कृष्णरावांनी चष्मा काढून हातात धरला, मग सांगू लागले. त्यांची बायको रुखमा. दिवसभर धान वाफवण्याच्या हौदांवर उभी राहणारी, मिलचं सगळं पाहणारी बाई. तिला ही गाडी आवडली म्हणून आणली होती. तालुक्यात पहिली गाडी चालवणारी बाई तीच. ब्रेकचं तेल गळतंय, असं मिलच्या ड्रायव्हरनं दोनदा सांगितलं होतं. धानाचा हंगाम होता. कृष्णराव म्हणाले होते, हंगाम होऊ दे.

"त्याच नाल्यावर गेली ती," ते म्हणाले. "लोकायनं काढलं तिले… तं पाय ब्रेकवर होता. शेवटपर्यंत दाबून धरला होता तिनं. निघेना. मले… मले हातानं सोडवा लागला."

मिलमधून वाफेचा वास येत होता. तोच वास. मी पदर तोंडाला लावला, पण घाण वाटली म्हणून नाही.

परतताना हे गाडी बैलगाडीच्या वेगानं चालवत होते. घर आल्यावर मी म्हटलं, सोमवारी तुम्ही तिला 'धर' म्हणून तसंच ठेवलंत. तिला मोकळं करा. नाल्यावर तुम्ही सोड म्हणालात ते त्या वेळेपुरतं. हे तिचं घर नाही, ही तिची शिक्षा आहे. आधी सोळा वर्षं आणि आता आपल्या अंगणात.

ते उजवा हात उघडून-मिटून पाहत होते.

"राहू दे ना वं थोडे दिवस," ते म्हणाले. "तिनं धरलं तवापासून हा हात चालून राहिला. तिनं सोडला तं…"

मला रागावता येईना. त्या हातासाठी तर मी तेरा सोमवार उपाशी होते. मीच मागितलं होतं, आणि आता दुसऱ्या कोणाला उभं ठेवून ते मिळत होतं. चौदावा सोमवार, पंधरावा, सोळावा. दर संध्याकाळी तुळशीवर लाल उजेड. मी काचेतून डोकावत असे. पायडल दर खेपेला जास्त थरथरत होता. मला वाटे, माझा उपास कधी सुटणार ते मला ठाऊक आहे. हिला कोणी दिवस सांगितला?

सतराव्या सोमवारी उद्यापन. कणकेचा चूर्मा केला, तूप-गूळ घालून. दुपारी जोडपी जेवून गेली. कृष्णरावही आले होते, एकटेच. त्यांच्या शेजारचं पान मी मांडलं आणि कोणाला उठवू दिलं नाही. दिवस उतरला तेव्हा मी ओटीचं ताट घेतलं. तांदूळ, नारळ, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या आणि ह्यांच्या मागाचा टसराचा खण. तांदूळ मुद्दाम उसना घेतला. गाडीचं दार उघडून ते सगळं सीटवर ठेवलं. लाल उजेड लागला होता. मला बोलायचं नव्हतं, म्हणून मी नुसते हात जोडले आणि ह्यांच्याकडे पाहिलं.

हे दाराशी आले. उजवा हात त्यांनी डाव्या हातात घट्ट धरला होता, जसा जत्रेत लहान पोराचा धरतात. कृष्णराव तुळशीजवळ पाठ करून उभे होते.

"रुखमाबाई," हे शेवटी म्हणाले. "तुमचे लय उपकार झाले. ब्रेक बरोबर झाला जी. चारही चाकं. आता… सोडा."

आतून एक लांब श्वास सुटल्यासारखा आवाज आला. नवीन सीटचा स्पंज असेल. पायडल वर आला. लाल उजेड विझला, आणि अंगणात एवढा अंधार होता हे आम्हाला तेव्हा कळलं. कृष्णराव तिथंच खाली बसले. ह्यांनी हात सोडवून घेतला आणि उघडला. मिटला. उघडला. बोटं चालत होती.

मी दिवा लावला. नुसती रडले, आणि देवाला तेवढं समजलं असेल.

त्यानंतर गाडी अगदी गुणाची झाली. पुढच्या सोमवारी तुळशीवर काही पडलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. उजव्या पायात तेवढी जाणीव आली नाही, म्हणून गाडी आता दामिनी आली की तीच चालवते. मी पदर बांधून शेजारी बसते. हाताचं मात्र देवानं ऐकलं. पौषात हे म्हणाले, मागावरची चादर काढ. मी म्हटलं, हात ठीक, पण उजवी पावडी कशी दाबणार? ते म्हणाले, बसून तर पाहू.

सोळा सोमवार संपले तरी सोमवारचं मौन मी सोडलं नाही. मागायला काही उरलं नाही. आता ते आभाराचं. माघातला सोमवार होता. देवळातून आले, फाटक उघडलं आणि कानावर माझं घड्याळ पडलं. खट खट, खट खट. एका तालात, पूर्वीसारखं. डोळ्यांत पाणी आलं. पायातल्या चपला काढून मी हळूच मागाच्या खोलीच्या दारात गेले.

हे खड्ड्यात पाय सोडून बसले होते, पाठ माझ्याकडे. उजव्या हातानं धोट्याची दोरी ओढत होते. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होते. मला वाटलं, नाव घेत असतील देवाचं. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं.

"दाब… सोड. दाब… सोड."

मी खड्ड्यात पाहिलं. त्यांचा उजवा पाय वर होता, खड्ड्याच्या काठावर सरळ पसरलेला, निवांत. डावा पाय डाव्या पावडीवर. आणि उजवी पावडी आपल्या वेळेला खाली जात होती, वर येत होती. खड्ड्यातून उबट, जरा आंबूस वास येत होता.

मोकळं केलं होतं आम्ही तिला. मग ही कोणाच्या बोलावण्यानं आली? की आपल्या मनानं आली?

तेवढ्यात एक सूत तुटलं. ह्यांनी धोटा थांबवला, तुटलेली टोकं शोधायला वाकले, आणि सवयीनं, अगदी सहज म्हणाले, "धर."

उजवी पावडी खालीच राहिली.

त्यांनी गाठ मारली. उजव्या हाताच्या बोटांनी मारली, बारीक, पक्की, पूर्वी मारत तशी. मग मान वळवली आणि मी दिसले. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. खाली पावडी आता थोडी थोडी थरथरू लागली होती. त्यांचे ओठ उघडले, आणि तसेच राहिले.

'सोड' मीही म्हणू शकले असते, पण दिवा लागायचा होता आणि तोवर माझं तोंड बंद.

त्या दिवशी मी दिवा जरा उशिरा लावला.